ड्युअलशॉक ४ संगणकावर: एकच बटण दोनदा का लागते आणि काल चालणारा कंट्रोलर आज का सापडत नाही

मुलुंडला राहणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन गेल्या वर्षभरात बहुधा सोमवारी येत असे आणि त्याचे पहिले वाक्य ठरलेले असे: "मामा, काल चालत होता, आज नाही चालत." चालत नसे तो सोनीचा ड्युअलशॉक ४, म्हणजे २०१३ मध्ये पीएसफोर या सोनीच्या खेळयंत्रासोबत आलेला कंट्रोलर. तो त्याने मित्राकडून जुना घेतला होता आणि अभ्यासासाठी आणलेल्या विंडोज १० च्या संगणकाला जोडला होता. तक्रार मात्र दर वेळी निराळी असे. कधी कंट्रोलर सापडतच नसे, कधी मेनूत खालचे बटण एकदा दाबले तरी निवड दोन ओळी खाली उतरत असे, तर कधी खेळ सुरू होताच खेळातला कॅमेरा छताकडे बघत स्वतःभोवती फिरत बसे. या सगळ्यावर त्याचा उपाय एकच होता: असेल नसेल ते सॉफ्टवेअर काढून टाकायचे आणि पुन्हा घालायचे. त्याने दोन दिवस बरे जात आणि मग पुन्हा फोन येई. अखेर एका शनिवारी मी त्याच्याकडे जाऊन बसलो आणि दुपारभर एकेक गोष्ट बाजूला काढत गेलो. तेव्हा दिसले की कंट्रोलर जवळजवळ निर्दोष होता आणि बिघाड म्हणून जे वाटत होते त्याची तीन-चार वेगवेगळी कारणे आलटून पालटून डोके वर काढत होती.

मूळ गोष्ट अशी आहे. विंडोजवरचे बहुतेक खेळ कंट्रोलरशी एक्सइनपुट नावाच्या पद्धतीने बोलतात. मायक्रोसॉफ्टने ती २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० या आपल्या खेळयंत्राच्या वेळी आणली. तिच्यात बटणांचा क्रम, अंगठ्याने फिरवायच्या दोन स्टिक आणि बोटाने कमी-जास्त दाबता येणारे दोन ट्रिगर हे सारे आधीच ठरलेले असते आणि एका वेळी चारच कंट्रोलर मावतात. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरची ही मातृभाषाच असल्यामुळे तो लावला की सहसा चालतो. सोनीचा कंट्रोलर मात्र विंडोजला जुन्या डायरेक्टइनपुट पद्धतीच्या जॉयस्टिकसारखा दिसतो, म्हणजे इतकी बटणे आणि इतके अक्ष (स्टिक किंवा ट्रिगर किती सरकला हे सांगणारी मापे) आहेत एवढेच कळते, कोणते कशासाठी ते खेळाने ठरवायचे असते. म्हणून मध्ये दुभाष्या लागतो. हे काम स्टीम, म्हणजे खेळ विकत घेऊन चालवण्याचा प्रोग्राम, करते, डीएसफोरविंडोज हा मोफत प्रोग्राम करतो, आणि काही नवे खेळ सोनीचा कंट्रोलर स्वतःच ओळखून करतात. यांपैकी नेमका एकच कामावर असला पाहिजे. एकही नसेल तर खेळाला काही कळत नाही किंवा भलतेच कळते, आणि दोन असतील तर एक दाब दोनदा पोहोचतो. भाच्याच्या संगणकावर कधी एकही नसे आणि कधी दोघे असत, आणि कोणत्या दिवशी कोण, हे संगणक सुरू होताना कोण आधी जागे झाले यावर ठरत असे.

तपासणीची सुरुवात खेळापासून करू नये. विंडोज आणि आर ही दोन बटणे एकत्र दाबावीत, उघडणाऱ्या चौकटीत जे, ओ, वाय, टिंब, सी, पी, एल ही अक्षरे सलग लिहून एंटर दाबावे. विंडोजला दिसणाऱ्या कंट्रोलरची यादी समोर येते. त्यातील नावावर जाऊन प्रॉपर्टीज उघडले की एका चौकोनात अधिक चिन्हासारखी फुली दिसते आणि खाली क्रमांक घातलेली लाल वर्तुळे दिसतात. डावी स्टिक फिरवली की फुली फिरते आणि बटण दाबले की त्याचे वर्तुळ उजळते. ही खिडकी विंडोजमध्ये पूर्वीपासून आहे आणि दिसायला अगदी जुनाट आहे, पण निदानासाठी मला तिच्याइतकी भरवशाची दुसरी जागा माहीत नाही. इथे यादी रिकामी असेल तर दोष केबल, ब्लूटूथ किंवा विंडोज यांच्याकडे आहे आणि खेळाच्या सेटिंगमध्ये कितीही खटपट केली तरी ती व्यर्थ आहे. इथे सारे नीट हालत असेल तर दोष दुभाष्याकडे आहे आणि केबल बदलून काही होणार नाही. याच खिडकीच्या सेटिंगमध्ये कॅलिब्रेट नावाचे बटण आहे, त्याला मात्र तूर्त हात लावू नये. ते डायरेक्टइनपुटपुरते मोजमाप बदलते, एक्सइनपुटवर चालणाऱ्या खेळांना त्याचा उपयोग नसतो आणि चुकीचे मोजमाप झाले तर एका दुखण्याची दोन दुखणी होतात.

छताकडे बघणाऱ्या कॅमेऱ्याचे कोडे याच खिडकीत सुटले. ड्युअलशॉक ४ मध्ये चौकोनाचा क्रमांक १, क्रॉसचा २, वर्तुळाचा ३ आणि त्रिकोणाचा ४ असतो. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये मात्र ए, बी, एक्स, वाय असा क्रम असतो. त्यामुळे दुभाष्या नसताना जो खेळ हा एक्सबॉक्सच आहे असे समजून चालतो, त्यात चौकोन दाबला की उडी आणि क्रॉस दाबला की माघार अशी गंमत होते. अक्षांचेही तसेच आहे. सोनीच्या कंट्रोलरमध्ये एल-टू आणि आर-टू हे ट्रिगर ज्या दोन अक्षांवर बसवले आहेत, त्याच अक्षांवर खेळ उजवी स्टिक शोधत असतो. स्टिक सोडली की मध्यावर येते, ट्रिगर सोडला की तो अक्षाच्या एका टोकाला जाऊन थांबतो, आणि खेळाची समजूत अशी होते की कोणीतरी उजवी स्टिक वर आणि डावीकडे पूर्ण दाबून धरली आहे. स्टिक खराब झाली असे समजून भाचा कंट्रोलर दुरुस्तीला टाकायला निघाला होता. दोन्ही ट्रिगर अर्ध्यावर दाबून धरले की कॅमेरा थांबतो का एवढे पाहावे. थांबत असेल तर स्टिकचा काही दोष नाही, दुभाष्या गैरहजर आहे.

आता दोनदा लागणाऱ्या बटणाकडे वळतो, कारण सर्वांत जास्त वेळ याच तक्रारीने खाल्ला. डीएसफोरविंडोज चालू झाले की ते एक खोटा एक्सबॉक्स ३६० कंट्रोलर निर्माण करते आणि तुमच्या हातातल्या कंट्रोलरचे प्रत्येक बटण त्याच्याकडून वदवून घेते. परंतु खरा कंट्रोलर तेवढ्याने नाहीसा होत नाही. वरच्या यादीत तेव्हा दोन नावे दिसतात, एक वायरलेस कंट्रोलर आणि दुसरे एक्सबॉक्स ३६० चे. जो खेळ दोन्ही पद्धती ऐकतो त्याला तोच दाब दोन तोंडांतून ऐकू येतो. याची एक बारीक खूण आहे, तिच्याकडे लक्ष ठेवावे: पडद्यावर बटणांची जी चित्रे दिसतात ती क्रॉस आणि ए यांच्यामध्ये सारखी बदलत राहतात. ही लुकलुक दिसली की दोन दुभाषे बोलत आहेत हे नक्की समजावे.

स्टीमने यात आणखी भर घातली आहे. २०१६ च्या अखेरीस स्टीममध्ये ड्युअलशॉक ४ साठी आधार आला आणि तेव्हापासून ज्यांचे खेळ स्टीमवर आहेत त्यांना बहुधा डीएसफोरविंडोजची गरजच उरली नाही, परंतु जुने व्हिडिओ पाहून ते घालण्याची प्रथा तशीच चालू राहिली. स्टीमचा दुभाष्या वरच्या यादीत वेगळा दिसत नाही, कारण तो स्टीमने उघडलेल्या खेळाच्या आत शिरून काम करतो. म्हणून यादीत एकच नाव असूनही बटण दोनदा लागत असेल तर संशयाची सुई स्टीमकडे वळवावी. तसेच स्टीमबाहेरून, डेस्कटॉपवरच्या चिन्हावरून उघडलेल्या खेळाला हा दुभाष्या मिळत नाही. तो हवा असेल तर तो खेळ स्टीमच्या लायब्ररीत बाहेरचा खेळ म्हणून जोडून तिथूनच उघडावा लागतो.

माझे मत स्पष्ट आहे: खेळ मुख्यतः स्टीमवर असतील तर डीएसफोरविंडोज काढून टाकावे आणि स्टीमच्या सेटिंगमधील कंट्रोलर विभागात प्लेस्टेशन कंट्रोलरसाठी स्टीम इनपुट चालू ठेवावे. एखादा खेळ स्वतः सोनीचा कंट्रोलर ओळखत असेल आणि तुम्हाला त्याचीच व्यवस्था हवी असेल तर त्या एका खेळाच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन स्टीम इनपुट बंद करता येते, त्यासाठी सर्वत्र बंद करण्याची आवश्यकता नाही. खेळ स्टीमबाहेरचे असतील तर मात्र डीएसफोरविंडोज ठेवावे, त्याच्या जोडीला खरा कंट्रोलर लपवणारे हिडहाइड घालावे आणि स्टीममधील तो पर्याय बंद करावा. पूर्वी खरा कंट्रोलर लपवण्याची सोय डीएसफोरविंडोजच्या आतच होती, पण ती कंट्रोलर केवळ आपल्या ताब्यात घेऊन लपवत असे. स्टीम किंवा दुसऱ्या कोणी तो आधी उघडलेला असला की ताबा मिळत नसे आणि लपवणे फसत असे. भाच्याच्या संगणकावर ही जुनीच आवृत्ती होती आणि ती व स्टीम दोन्ही संगणकासोबत आपोआप सुरू होत होते. ज्या दिवशी डीएसफोरविंडोज आधी उठे त्या दिवशी सारे सुरळीत चाले आणि ज्या दिवशी स्टीम आधी उठे त्या दिवशी मला फोन येई. काढून पुन्हा घातल्यावर दोन दिवस बरे का जात, तेही यावरूनच उलगडले: नव्याने घातलेल्या प्रोग्रामची आपोआप सुरू होण्याची नोंद भाचा नंतर कधीतरी करत असे, तोपर्यंत दोघांची शर्यतच लागत नव्हती.

हिडहाइडबद्दल एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. त्यात उपकरणांच्या यादीत आपल्या कंट्रोलरवर खूण करायची, प्रोग्रामच्या यादीत डीएसफोरविंडोजला परवानगी द्यायची आणि मग कंट्रोलर एकदा काढून पुन्हा लावायचा, एवढेच काम असते. परंतु पुढे कधी डीएसफोरविंडोज काढले आणि हिडहाइड तसेच राहिले, तर तो कंट्रोलर सर्वांपासून लपून बसतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजर या उपकरणांच्या यादीत उपकरण दिसते, दिवा लागतो, चार्जिंग होते, आणि तरी ना स्टीमला काही दिसते ना त्या जुनाट खिडकीला. केबल बदलून, पोर्ट बदलून, विंडोज नव्याने घालण्यापर्यंत मजल जाण्याआधी हिडहाइड संगणकात कुठे शिल्लक आहे का ते पाहावे. खोटा कंट्रोलर निर्माण करणारा ड्रायव्हर व्हिजेमबस या नावाने वेगळा बसतो. त्यावरचे काम २०२३ मध्ये थांबले असले तरी तो अजून चालतो, त्यामुळे त्याच्या नावाने घाबरून काही उचकटू नये.

हे सगळे मार्गी लावल्यावरही पुढच्या सोमवारी फोन आलाच. या वेळी यादी रिकामी होती, म्हणजे कारण वेगळे होते. विचारल्यावर कळले की दर रविवारी हा कंट्रोलर पाठपिशवीत घालून तो भांडुपच्या मित्राकडे पीएसफोरवर खेळायला जातो, आणि चार्जिंग संपू नये म्हणून तिथे केबल लावतो. ड्युअलशॉक ४ ब्लूटूथसाठी एका वेळी एकाच यंत्राचा पत्ता लक्षात ठेवतो. पीएसफोरला केबलने जोडून मधले पीएस बटण दाबले की नवा पत्ता लिहिला जातो आणि घरच्या संगणकाचा पुसला जातो. संगणकाला मात्र याची खबर नसते, त्याच्या यादीत हा कंट्रोलर जोडलेला म्हणूनच राहतो, आणि दोघे एकमेकांची वाट पाहत बसतात. अशा वेळी विंडोजच्या ब्लूटूथ यादीतून वायरलेस कंट्रोलर हे नाव आधी काढून टाकावे. मग कंट्रोलर बंद असताना शेअर आणि पीएस ही दोन बटणे एकत्र दाबून धरावीत. वरची दिव्याची पट्टी झपाट्याने लुकलुकू लागली की नव्याने जोडावे. ड्युअलसेन्समध्ये, म्हणजे पीएसफाइव्हच्या कंट्रोलरमध्ये, शेअरऐवजी क्रिएट बटण दाबायचे असते. तरीही दाद न दिल्यास कंट्रोलरच्या पाठीवर एल-टूच्या बाजूला एक सूक्ष्म छिद्र आहे, त्यात सिमकार्ड काढण्याची पिन घालून पाच सेकंद दाबले की त्याची जुनी स्मृती जाते. गर्दीच्या लोकलमध्ये पिशवी दाबली जाऊन पीएस बटण आपोआप लागते आणि कंट्रोलर ओळखीचे यंत्र शोधत बॅटरी खर्च करतो, हा उपद्रव निराळा. त्यासाठी त्याला चष्म्याचे जुने कठीण पाकीट दिले, पण त्यात कंट्रोलर मावला नाही. आता तो पोळ्यांच्या चपट्या डब्यातून जातो.

केबलचा विषय थोडक्यात आटोपतो. यूएसबी केबलमध्ये वीज नेणाऱ्या दोन तारा आणि माहिती नेणाऱ्या दोन तारा असतात. स्वस्त चार्जिंग केबलमध्ये माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. अशी केबल लावली की पट्टी नारिंगी रंगाने मंद उजळते आणि विझते, पण विंडोज टिंग असा आवाज करत नाही. फोनवरून फाइल संगणकात नेता येत असतील तर ती केबल चांगली, एवढी परीक्षा पुरेशी आहे.

ब्लूटूथ जोडले जाते पण खेळताना हात सुटल्यासारखे होते, पात्र आपोआप दोन पावले पुढे चालते, ही तक्रार मुंबईच्या इमारतींत अधिक आढळते आणि त्याला कारण आहे. ब्लूटूथ २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते आणि २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फायही त्याच पट्ट्यात असते. भाच्याच्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत वाय-फायची यादी उघडली तर ती खाली सरकवता सरकवता संपत नाही. शेजाऱ्यांचे राउटर आपण बंद करू शकत नाही, पण आपला संगणक ५ गिगाहर्ट्झवर नेऊ शकतो, आणि तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. त्याहून मोठा अपराधी संगणकालाच चिकटलेला असतो. यूएसबी ३.० च्या हार्ड डिस्क आणि त्यांच्या केबल काम करताना याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट करतात, हे इंटेलने २०१२ मध्येच एका टिपणात दाखवून दिले होते. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला नखाएवढा ब्लूटूथ डोंगल भाच्याने कॅबिनेटच्या मागे, निळ्या पोर्टमधल्या हार्ड डिस्कच्या अगदी शेजारी खोचला होता, आणि समोर लोखंडी पत्रा होता. मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेऊन डोंगल टेबलावर, कंट्रोलरच्या समोर आणला आणि ती तक्रार त्या दिवसापासून बंद झाली. नवा डोंगल घेण्यापूर्वी हा प्रयोग अवश्य करावा. संगणक झोपेतून उठल्यावरच कंट्रोलर सापडत नसेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथ आणि यूएसबी रूट हब यांच्या पॉवर मॅनेजमेंट पानावर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची जी परवानगी असते तिची खूण काढून टाकावी.

इतर कंट्रोलरविषयी दोन शब्द. ड्युअलसेन्स केबलने लावला की तो साउंड कार्ड म्हणूनही दिसतो आणि स्पीकरचा आवाज अचानक नाहीसा होतो. घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावरून आवाजाचे साधन पुन्हा निवडावे. एक्सबॉक्स ३६० चा वायरलेस कंट्रोलर जुन्या बाजारात स्वस्त मिळतो, पण त्याला ब्लूटूथ नाही आणि त्याच्या चार्जिंगच्या केबलमधून माहिती जातच नाही. त्याचा स्वतंत्र रिसीव्हर नसेल तर तो संगणकाच्या उपयोगाचा नाही. निन्टेन्डोच्या प्रो कंट्रोलरमध्ये ए आणि बी यांच्या जागा एक्सबॉक्सच्या उलट असतात, म्हणून होकार आणि नकार अदलाबदल होतात. तो बिघाड नव्हे, स्टीममध्ये ती अदलाबदल परत फिरवण्याची सोय आहे.

राहता राहिली खरोखर झिजलेली स्टिक. स्टिकखाली तिची जागा मोजणारे दोन पोटेन्शिओमीटर असतात आणि त्यांच्या कार्बनच्या पट्टीवरून धातूची जीभ घासत असते. पट्टी झिजली किंवा तिच्यावर मळ बसला की सोडलेली स्टिकही मध्यावर थांबत नाही. ड्युअलशॉक ४ हे मोजमाप ० ते २५५ असे पाठवतो आणि मध्य १२८ च्या आसपास असतो. डीएसफोरविंडोजमध्ये हा आकडा प्रत्यक्ष दिसतो. हात न लावता तो दोन-चार अंकांनी सरकलेला असेल तर डेड झोन, म्हणजे मध्याभोवतीची दुर्लक्षित हालचाल, थोडा वाढवून काम भागते, आणि दहा-पंधरा अंक सरकून थरथरत असेल तर आतला भाग बदलणे हाच उपाय उरतो. त्या एका भागाला सोल्डरचे १४ टाके असतात, म्हणून घरी पहिलाच प्रयोग यावर करू नये. बदलायचाच असेल तर चुंबकावर चालणारा, हॉल इफेक्टचा भाग मागावा, त्यात घासणारे काही नसते. भाच्याची डावी स्टिक सध्या १३१ वर थांबते, त्याने डेड झोन किंचित वाढवून ठेवला आहे, आणि दुरुस्तीचा खर्च दिवाळीपर्यंत पुढे ढकलला आहे.